होलार, होलेर आणि एक चौकोन

(हैदराबादमध्ये शिकणाऱ्या आणि नोकरी करणाऱ्या मराठी भाषक तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



आयोजकांनी मला विषय दिला होता, आयटीत नोकरी कशी मिळवायची. त्यावर बोलणारे यूट्यूबवर पुष्कळ आहेत आणि ते माझ्यापेक्षा चांगलं बोलतात. मी आज एका चौकोनाबद्दल बोलणार आहे. ऑनलाइन अर्जात तो असतो. उजव्या बाजूला खाली तोंड केलेला बारीक बाण असतो, त्यावर दाबलं की यादी उघडते. त्याला ड्रॉपडाऊन म्हणतात. इथं बसलेल्या प्रत्येकानं त्यात कधी ना कधी आपली जात शोधलेली आहे. बहुतेकांनी नेट कॅफेत, मागे चार जण रांगेत उभे असताना शोधलेली आहे.

मी असे चौकोन बनवते. चौदा वर्षं झाली. वडील मार्केट यार्डात हमाली करायचे, आई शेतावर रोजानं जायची, घरातली पहिली पदवी माझी. हे सांगायचं कारण पुढे येईल.

माझ्या कॉलेजच्या वेळी शिष्यवृत्तीचा अर्ज कागदी होता. 'जात' या शब्दापुढे टिंबांची ओळ असायची. दाखल्यावर जे लिहिलंय ते बघून तिथं लिहायचं. कारकून अक्षराला नावं ठेवायचा, तासभर उभं करायचा, पण 'तुझी जात आमच्याकडे नाही' असं म्हणायचा नाही. ड्रॉपडाऊन आला आणि ती टिंबांची ओळ गेली. आता दुसऱ्यानं केलेल्या यादीतून निवडायचं. मी त्याच्या विरोधात नाही. एकच जात दहा तऱ्हांनी लिहिली गेली की मोजणी होत नाही, पैसे कुणाला पोचले ते कळत नाही. पण ती यादी कुणीतरी केलेली असते. संध्याकाळी साडेसहाला घरी जायची घाई असलेलं कुणीतरी. बऱ्याचदा ती मीच असते.

काही वर्षांपूर्वी एका शिष्यवृत्तीच्या अर्जाचं काम मी करत होते. कंपनीचं नाव घेत नाही, चूक माझी होती. मदत कक्षाला एक गुंता सुटेना म्हणून त्यांनी फोन माझ्याकडे वळवला. पलीकडे एक मुलगी होती, बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाची, सांगली जिल्ह्यातली.

"मॅडम, माझा अर्ज कुठं गेला?"

"पावती आहे का तुझ्याकडे?"

"आहे ना. नंबर आहे, तारीख आहे. कॉलेजवाले म्हणतात, तुझं नावच आमच्या यादीत येत नाही. नामंजूर पण नाही म्हणतात. नाहीच म्हणतात."

मी पावतीचा नंबर टाकला. अर्ज होता. नाव, गुण, उत्पन्नाचा दाखला, बँकेचा खाते क्रमांक, सगळं भरलेलं. मग कॉलेजला का दिसत नव्हता? ते शोधायला मला रात्रीचे दोन वाजले. इथं थोडं तांत्रिक आहे, पण कॉमर्सवाल्यांनाही कळेल, कारण खतावणी तुम्हाला माहीत आहे.

डेटाबेसमध्ये अर्जांचं एक टेबल असतं आणि जातींचं वेगळं टेबल. अर्जाच्या टेबलात जातीचं नाव लिहीत नाहीत, फक्त तिचा क्रमांक लिहितात. नाव हवं असेल तेव्हा तो क्रमांक जातींच्या टेबलात शोधून दोन्ही ओळी जोडायच्या. तुम्ही ड्रॉपडाऊनमध्ये नाव वाचता, पण बटण दाबल्यावर सर्व्हरकडे जातो तो नावामागे दडलेला क्रमांक. या मुलीच्या अर्जात क्रमांक होता २१४. मी जातींचं टेबल उघडलं. २१३ होता. त्याच्यानंतर थेट २१५.

कॉलेजची छाननीची यादी ही दोन टेबलं जोडूनच तयार होत होती, आणि ज्या अर्जाला जोड सापडत नाही तो अर्ज अशा जोडणीत गळून पडतो. त्याला कुणी नाकारत नाही. कुठं लाल अक्षरात काही येत नाही. तो फक्त दिसत नाही.

२१४ कुठं गेला होता? दोन महिन्यांपूर्वी मी जातींचं टेबल 'साफ' केलं होतं. माझ्या आधीच्या कुणीतरी ते टाइप केलं होतं आणि त्यात खरोखरच घाण होती. एकच नाव दोनदा, नावाच्या शेवटी रिकामी जागा, काही नावांत ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ. ते निस्तरताना मला एकाखाली एक दोन नावं दिसली, होलार आणि होलेर. मला वाटलं, टायपिंगची चूक. मी होलार काढून टाकलं.

महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत ही दोन वेगळी नावं आहेत, दोन वेगळ्या नोंदींतली. एका नोंदीत होलार आणि वल्हार. तिच्या पुढच्या नोंदीत होलय, होलेर, होलेय, होलिया. मूळ यादी मी उघडून पाहिली असती तर एका मिनिटात कळलं असतं. मी स्वतः त्याच यादीतल्या एका जातीत जन्मलेली आहे. माझ्या दाखल्यावर एक वेलांटी चुकली तेव्हा मी तहसील कचेरीत तीन खेटे घातले होते. आणि सांगली-सोलापूरकडच्या एका अख्ख्या समाजाचं नाव मी दोन सेकंदांत पुसलं, तेही आपण चांगलं काम करतोय अशा समजुतीत.

आता तुम्ही विचाराल, मी टेबलातून नाव काढलं होतं, तर त्या मुलीला ते ड्रॉपडाऊनमध्ये दिसलं कसं? खरा मुद्दा तिथंच आहे. ड्रॉपडाऊनमधली यादी डेटाबेसमधून येतच नव्हती. कुणीतरी ती पानाच्या एचटीएमएलमध्ये हातानं लिहून ठेवली होती, नाव आणि क्रमांक, नाव आणि क्रमांक. पडद्यावर होलार होतं, टेबलात नव्हतं. नंतर मी शोधत गेले तेव्हा त्या एकाच प्रणालीत जातींच्या यादीच्या पाच प्रती निघाल्या. एक पानात. एक मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये. एक सर्व्हरवर, आलेला क्रमांक बरोबर आहे का ते तपासायला. एक पावती छापणाऱ्या भागात. आणि एक कॉलेजांना पाठवलेल्या एक्सेलमध्ये. पाचही एकमेकींहून थोड्या थोड्या वेगळ्या.

सातबारा डोळ्यांपुढे आणा. आमच्याकडे जमीन नव्हती त्यामुळे सातबाराही नव्हता, पण गावातली भांडणं पाहिलेली आहेत. तलाठ्याच्या दप्तरात मूळ नोंद असते आणि घरोघरी तिच्या झेरॉक्स असतात. जमीन विकली, फेरफार झाला, दप्तरातली नोंद बदलली. ट्रंकेतल्या झेरॉक्सला त्याचा पत्ता नसतो. ती घेऊन माणूस तावातावानं भांडतो आणि तो खोटं बोलत नसतो. पानात हातानं लिहिलेला ड्रॉपडाऊन म्हणजे ट्रंकेतली झेरॉक्स.

उपाय काही फार हुशारीचा नाही. यादी एकाच जागी ठेवायची, टेबलात. पान उघडलं की सर्व्हरनं टेबलाला विचारायचं, या राज्याच्या, या प्रवर्गातल्या, आज चालू असलेल्या जाती नावाच्या क्रमानं दे. जे उत्तर येईल त्यातून चौकोन भरायचा. अ‍ॅपनंही तिथूनच विचारायचं, पावती छापणाऱ्यानंही तिथूनच. अर्जाच्या टेबलाला फॉरेन की लावायची. म्हणजे ज्या जातीवर एक जरी अर्ज उभा आहे, ती ओळ पुसायला गेलं तर डेटाबेसच हात धरतो. माझ्या प्रणालीत ती लावलेली नव्हती. 'त्यानं काम मंदावतं' असं कुणीतरी कधीतरी म्हटलं होतं, आणि ते आम्ही वर्षानुवर्षं एकमेकांना सांगत होतो.

एक खाचखळगा सांगून ठेवते. शेवटच्या तारखेला हजारो मुलं एकदम पान उघडतात. प्रत्येक वेळी डेटाबेसला विचारलं तर तो गुडघे टेकतो. म्हणून यादीची प्रत सर्व्हरच्या स्मृतीत काही वेळ धरून ठेवतात, तिला कॅश म्हणतात. चालेल. पण ती पुन्हा झेरॉक्सच आहे, हे विसरायचं नाही. टेबल बदललं की त्याच क्षणी कॅश फेकून द्यायची, उद्या सकाळी नाही. आणि एवढं करूनही नेट कॅफेतल्या मुलानं सकाळी अकराला पान उघडलेलं असतं, वीज जाते, तो दुपारी तीनला बटण दाबतो. त्याच्या पडद्यावर अकराची यादी आहे. म्हणून अर्ज आल्यावर सर्व्हरनं क्रमांक टेबलाशी पुन्हा ताडून बघायचाच. जुळला नाही तर 'यादी बदलली आहे, जात पुन्हा निवडा' एवढंच सांगायचं आणि बाकी सगळं भरलेलं तसंच ठेवायचं. अख्खा अर्ज कोरा करून 'चूक झाली' म्हणणारी पानं मी पाहिली आहेत. ती बनवणाऱ्यानं कधी तासाला वीस रुपये देऊन अर्ज भरलेला नसतो.

आणि पहिलं नाव आधीच निवडून ठेवायचं नाही. पहिली ओळ 'निवडा' अशी असावी आणि तिच्यामागे काही क्रमांक नसावा. महाराष्ट्राच्या यादीत पहिलं नाव अगेर आहे. एका टेबलात अगेरांची संख्या इतकी होती की मी चक्रावले. घाईत ज्यांनी चौकोनाला हातच लावला नाही, ते सगळे अगेर झाले होते.

हे झालं यादी एका जागी आणण्याबद्दल. पण ती जागा कशी असावी? इथं माझे अभियंता मित्र हसतात, म्हणतात, एक क्रमांक, एक नाव, झालं टेबल. होत नाही. कैकाडी समाज घ्या. विदर्भात कैकाडी अनुसूचित जातीत आहेत आणि उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्त जातीत. म्हणजे बहीण अमरावतीत दिली आणि भाऊ पुण्यात राहिला तर मामा आणि भाचा दोन वेगळ्या प्रवर्गांत. अनुसूचित जातींच्या यादीत कैकाडी या नावापुढे जिल्हे लिहिलेले आहेत: अकोला, अमरावती, भंडारा, बुलढाणा, नागपूर, वर्धा, यवतमाळ, आणि राजुरा तहसील वगळून चंद्रपूर. बाकी बऱ्याच जातींवरची क्षेत्राची बंधनं १९७६च्या कायद्यानं उठली, हे राहिलं. ते उठावं म्हणून समाज कित्येक वर्षं मागणी करतो आहे. ती मागणी मान्य होईपर्यंत माझ्या टेबलाला मात्र जिल्हा माहीत असावा लागतो, आणि एका ठिकाणी तर तालुकाही.

आता ड्रॉपडाऊनमध्ये जिल्हे कुठले असतात? आजचे. आणि यादीतले जिल्हे? तेव्हाचे. गडचिरोली १९८२मध्ये चंद्रपुरातून निघाला, वाशीम १९९८मध्ये अकोल्यातून, गोंदिया १९९९मध्ये भंडाऱ्यातून. यादीत ही तीन नावं नाहीत, कारण तेव्हा हे जिल्हेच नव्हते. समजा एखाद्या पोरानं टेबल बांधताना यादीतली जिल्ह्यांची नावं जशीच्या तशी घातली. गोंदियाची कैकाडी मुलगी जिल्हा गोंदिया निवडते, मग प्रवर्ग अनुसूचित जाती निवडते, आणि तिसऱ्या चौकोनात कैकाडी हे नावच येत नाही. तिचे आजोबा भंडारा जिल्ह्यात जन्मले, तिच्या घराची जागा तसूभर हललेली नाही. हलली ती जिल्ह्याची रेघ. म्हणून प्रत्येक नव्या जिल्ह्याच्या ओळीत तो कुठल्या जिल्ह्यातून निघाला ते लिहून ठेवावं लागतं. हे कुठल्या पुस्तकात नसतं. हे ज्याला दाखला काढायची वेळ आली त्याला माहीत असतं, आणि तुमच्यासारखी माणसं या खोल्यांत बसायला हवीत ती यासाठी.

हैदराबादेत बसून बोलतोय तर राज्याबद्दलही बोलू. अनुसूचित जातींची यादी राज्यवार आहे. उत्तर प्रदेशात धोबी अनुसूचित जातीत, महाराष्ट्रात परीट-धोबी इतर मागासवर्गात. म्हणजे आधी राज्याचा चौकोन, त्यावर जातीचा. पण कुठलं राज्य? तुम्ही आज राहता ते, की तुमच्या वडिलांचं मूळ राज्य? सर्वोच्च न्यायालयानं १९९०मध्ये मर्री चंद्रशेखर राव खटल्यात सांगितलं की स्थलांतर करून दुसऱ्या राज्यात गेलं म्हणून तिथल्या सवलती आपोआप मिळत नाहीत, दाखला मूळ राज्याच्या यादीप्रमाणे. तुमच्यापैकी बरेच जण पत्त्यात तेलंगणा लिहितात. पानानं पत्त्यातलं राज्य उचलून जातींची यादी उघडली, तर तुम्हाला तेलंगणाची यादी दिसणार, आणि त्यात तुमची जात असलीच तरी ती तुमची नोंद नाही. मी आता दोन वेगळे चौकोन ठेवते, 'सध्याचा पत्ता' आणि 'जातीचा दाखला कुठल्या राज्याचा', आणि यादी दुसऱ्यालाच बांधते.

गंमत म्हणजे महाराष्ट्राच्या यादीत ५९ नोंदी आहेत आणि तेलंगणाच्या यादीतही ५९ जाती. आमच्याकडे एक चाचणी होती, पडद्यावरच्या ओळी मोज, टेबलातल्या मोज, आकडा जुळला की पास. अशा चाचणीला महाराष्ट्राच्या जागी तेलंगणा चढवला तरी ती पास म्हणेल! ओळीला ओळ ताडायची असते. आणि तेलंगणानं १४ एप्रिल २०२५पासून या ५९ जातींचे तीन गट केले आहेत, १, ९ आणि ५ टक्क्यांचे. म्हणजे आजवर ज्या टेबलात गटाचा रकानाच नव्हता तिथं तो आता हवा, आणि त्या तारखेआधीच्या अर्जांना तो लावायचा नाही.

तारखेचा विषय निघालाच आहे. नाव पुसू नका, हे मी पोळून शिकले. सातबाऱ्यावरही जुन्या मालकाचं नाव खरवडून काढत नाहीत, त्याला कंस करतात. टेबलातही तसंच. प्रत्येक ओळीला दोन तारखा, केव्हापासून चालू आणि केव्हापर्यंत. महाराष्ट्रात २०१८मध्ये एसईबीसी हा प्रवर्ग आला. मे २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा रद्द केला. फेब्रुवारी २०२४मध्ये नवा कायदा आला, त्याच नावाचा प्रवर्ग, टक्के वेगळे. ज्यानं २०२१मध्ये ती ओळ पुसली त्याच्याकडचे २०१९चे सगळे अर्ज अनाथ झाले, माझ्या २१४सारखे. ज्यानं २०२४मध्ये जुनी ओळच पुन्हा चालू केली त्यानं दोन कायद्यांचे लाभार्थी एकत्र केले. नवी ओळ, नव्या तारखा. नवीन अर्ज भरणाऱ्याला आज चालू असलेल्याच ओळी दाखवायच्या. जुना अर्ज उघडणाऱ्याला मात्र त्याची जुनी ओळही दिसली पाहिजे. नाहीतर तो फोन नंबर बदलायला पान उघडतो, जातीचा चौकोन रिकामा होतो, तो जतन करतो आणि आपल्याच हातानं आपली जात पुसतो.

विद्यापीठांच्या चौकोनाचंही तेच. १४ जानेवारी १९९४ला मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला. ते नाव कसं आलं हे या सभागृहात मला सांगायला नको. आज ड्रॉपडाऊनमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ हेच नाव असलं पाहिजे आणि नसेल तर भांडलं पाहिजे. पण १९८८चं पदवीपत्र घेऊन जो काका पेन्शनच्या कामासाठी येतो, त्याच्या कागदावर जुनं नाव आहे. विद्यापीठाचा क्रमांक एकच, नावं दोन, प्रत्येकाला आपापल्या तारखा. असं केलं की काकालाही त्याचं विद्यापीठ सापडतं आणि नवं नावही जागेवर राहतं.

धर्माच्या चौकोनाबद्दल थोडंच. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जाती फक्त हिंदूंपुरत्या होत्या, १९५६मध्ये शीख आले, १९९०मध्ये बौद्ध. मी असं पान पाहिलं आहे की धर्म बौद्ध निवडला की अनुसूचित जाती हा पर्यायच गायब. कुणीतरी १९५०ची अट वाचली होती आणि पुढचं वाचलं नव्हतं. ही अट पानाच्या जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेली होती. टेबलात असती तर एका ओळीत दुरुस्त झाली असती. तिथं मात्र मुलं घाबरून धर्म हिंदू निवडत होती.

आणि केंद्राच्या अर्जात व्हीजेएनटी शोधू नका, तो आपल्या राज्याचा प्रवर्ग आहे. धनगर राज्यात भटक्या जमाती क, वंजारी भटक्या जमाती ड, केंद्राच्या यादीत दोन्ही ओबीसी. दोन याद्या, दोन टेबलं. एकाची दुसऱ्यात भेसळ नको.

माझ्या चुकीकडे परत येते. मी होलार काढलं तेव्हा मला वाटत होतं की मी स्पेलिंग सुधारतेय. या यादीत स्पेलिंग नावाची गोष्ट नसते. अनुच्छेद ३४१ आणि ३४२ प्रमाणे यादी राष्ट्रपतींच्या अधिसूचनेनं होते आणि नंतर तिच्यात काही घालायचं वा काढायचं तर संसदेला कायदा करावा लागतो. सर्वोच्च न्यायालयानं २०००मध्ये हलबा-कोष्टींच्या मिलिंद खटल्यात म्हटलं की यादी जशी आहे तशीच वाचायची. न्यायालय स्वतःला जो अधिकार नाही म्हणतं, तो मी कॉफी पिता पिता वापरला होता. यादीत 'गोंड गोवारी' असं नाव आहे. ते दोन शब्द एका समाजाचे की दोन, यावर गोवारी बांधवांनी पिढी घालवली. २३ नोव्हेंबर १९९४ला नागपूरच्या मोर्चात चेंगराचेंगरीत ११४ माणसं गेली. डिसेंबर २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गोवारी आणि गोंड गोवारी वेगळे असा निकाल दिला. निकाल पटो न पटो, दोन शब्दांमधल्या रिकाम्या जागेचं वजन किती असतं ते यातून कळतं. आणि आम्ही 'जादा रिकाम्या जागा काढा' अशी एक आज्ञा अख्ख्या टेबलावर सोडतो.

शिवाय देवनागरीत डोळ्यांना सारखी दिसणारी अक्षरं यंत्राला सारखी नसतात. 'ऱ' हे अक्षर संगणकात दोन तऱ्हांनी साठवता येतं, एका चिन्हात किंवा र आणि खाली नुक्ता अशा दोन चिन्हांत. पडद्यावर फरक शून्य. नावानं ताडून बघणारी प्रणाली म्हणते, जुळत नाही. म्हणूनच क्रमांक वापरायचा, आणि तो एकदा दिला की दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही.

तुम्ही अर्ज भरणारे आहात, तुमच्या बाजूनंही दोन गोष्टी. यादीत आपलं नाव दिसलं नाही तर शेजारचं मिळतंजुळतं नाव निवडू नका, पडताळणीत ते तुमच्यावरच उलटतं. पडद्याचा फोटो काढा, त्यात तारीख आणि वेळ येऊ द्या, दाखल्याची प्रत जोडून मदत कक्षाला लिहा आणि पोच मागा. आणि अर्ज गेला की तो छापून घ्या, जातीची ओळ वाचा. पडद्यावर तुम्ही काय निवडलं ते महत्त्वाचं नाही, डेटाबेसमध्ये काय बसलं ते महत्त्वाचं. तिथं रिकामं दिसलं तर त्याच दिवशी ओरडा.

त्या मुलीसारखे नऊ अर्ज निघाले. मी २१४ परत घातला, फॉरेन की लावली, पानातली हातची यादी काढली, आणि वरिष्ठांना लिहून दिलं की चूक माझी होती. हे लिहिताना हात थरथरला होता, कारण आपल्यासारख्यांची एक चूक सगळ्या समाजाच्या नावावर मांडली जाते, हे तुम्हाला माहीत आहे. पैसे आले, पण अकरा महिन्यांनी. तोवर तिनं हॉस्टेल सोडलं होतं आणि गावाहून एसटीनं ये-जा करत होती. सकाळचं प्रॅक्टिकल तिला गाठता येत नव्हतं. ते अकरा महिने मी कुठल्या टेबलात भरून देऊ शकत नाही.

पैसे आल्यावर तिनं मला परत फोन केला. या वेळी मॅडम नाही म्हणाली.

"ताई, आता आमचं नाव यादीत आहे ना?"

म्हटलं, "आहे गं. होलार आहे. आता ते कुणाला काढता येणार नाही."

"आणि वल्हार? माझ्या मावशीच्या पोरीच्या दाखल्यावर वल्हार आहे. ती पुढच्या वर्षी भरणार आहे."

मी टेबल उघडून पाहिलं. नव्हतं. मूळ नोंदीत दोन्ही नावं शेजारी शेजारी आहेत, मी त्या नोंदीचं पान महिनाभर टेबलावर ठेवून काम केलं होतं, आणि घातलं होतं एकच. तिला सांगितलं, उद्या बघ. त्या संध्याकाळी वल्हार घातलं, आणि मग अधिसूचना समोर घेऊन पहिल्या नावापासून एकेक नाव बोट ठेवून वाचत बसले. आणखी बरीच निघाली.

आता प्रश्न घेऊया. मागच्या रांगेतल्या ताईंनी मघापासून हात वर केलाय.